जर्मनीतल्या ल्यूथरन चर्चमध्ये रविवारी सकाळी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला चर्चची ओळख बहुधा पर्यटक म्हणूनच होते. आत शिरायचं, रंगीत काचा पाहायच्या, ऑर्गनचा फोटो काढायचा आणि बाहेर पडायचं. त्याच इमारतीत रविवारी सकाळी काय चालतं, हे पाहावंसं बऱ्याच जणांना वाटतं. पण आत घेतील का, कधी उठायचं, कधी बसायचं, आपण ख्रिस्ती नाही मग कसं, या प्रश्नांपाशी पाय अडतो. अहिल्यानगर किंवा पुण्याकडून आलेल्या ख्रिस्ती मंडळींची अडचण जरा वेगळी असते. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्या मुख्यतः अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन आणि अँग्लिकन वळणाच्या. त्यांतल्या पुष्कळशा १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. ल्यूथरन पद्धत महाराष्ट्रात फारशी रुजलीच नाही, त्यामुळे त्यांनाही इथला उपासनाक्रम अर्धा ओळखीचा आणि अर्धा परका वाटतो. हा लेख दोघांसाठी आहे.

दारात पाय ठेवण्याआधी एक गोष्ट कळलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ल्यूथरन समजुतीत उपासनेतलं मुख्य काम देव करतो. तो बोलतो, क्षमा करतो, आपल्या मेजावर बोलावतो. जमलेले लोक ऐकतात, घेतात आणि मग गाण्यातून, प्रार्थनेतून त्याला उत्तर देतात. माणसाने काहीतरी अर्पण करून देवाची मर्जी मिळवायची, हा विचार सोळाव्या शतकात जर्मनीत धर्मसुधारणा, म्हणजे चर्च सुधारण्याची चळवळ, सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला मान्य नव्हता. ५ ऑक्टोबर १५४४ रोजी टोरगाउच्या किल्ल्यातल्या नव्या चर्चमध्ये पहिलं प्रवचन त्यानेच केलं. त्यात त्याने या वास्तूचा उद्देश सांगितला: प्रभूने आपल्या वचनातून आपल्याशी बोलावं आणि आपण प्रार्थनेने व स्तुतीने त्याच्याशी बोलावं, याखेरीज इथे दुसरं काही घडू नये. नवख्याला यात मोठा दिलासा आहे. पंगतीला बसलेल्याने वाढपाची काळजी करायची नसते. तुम्हाला जर्मन येत नसेल, तोंडातून एक शब्द निघाला नाही, तरी उपासनेत काही उणं राहिलं असं कोणी मानत नाही.

पहिली पायरी: चर्च कोणतं ते पाहा

बाहेरच्या पाटीवर 'एव्हांगेलिश' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ साधारणपणे प्रॉटेस्टंट, एवढाच. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या महासंघात २० प्रादेशिक चर्च आहेत. त्यांतली काही ल्यूथरन, काही रिफॉर्म्ड म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या झ्विंग्ली आणि कॅल्व्हिन या सुधारकांच्या परंपरेतली, आणि बरीच संयुक्त आहेत. १८१७ मध्ये प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजाने आपल्या राज्यात ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड लोकांना एका छत्राखाली आणलं, म्हणून बर्लिन, कलोन, ड्युसेलडॉर्फ या भागांतली चर्च आजही संयुक्त आहेत. फ्रँकफर्टही त्याच गटात मोडतं. म्युनिक, न्युरेंबर्ग, हॅनोव्हर, हॅम्बर्ग, लाइपझिग, ड्रेस्डेन इथे गेलात तर ल्यूथरन चर्च सहज सापडेल. पाटीवर 'एव्हांगेलिश-लूटरिश' असं जोडनाव दिसलं तर शंकाच नको.

श्टुटगार्टची गंमत वेगळी. तिथे मराठी लोक भरपूर, चर्चही विश्वासाने ल्यूथरन, पण उपासना मात्र अगदी साधी: गीत, स्तोत्र, मौन प्रार्थना, वाचन, प्रवचन, आशीर्वाद. पाळक (उपासना चालवणारे धर्मगुरू) आणि जमलेली मंडळी यांच्यातली गायनातली देवाणघेवाण तिथे जवळजवळ नाही. व्युर्टेम्बर्गमध्ये धर्मसुधारणा आली तेव्हा दक्षिणेतल्या शहरांचा साधा प्रवचनप्रधान प्रकार स्वीकारला गेला आणि तोच टिकला. तेव्हा श्टुटगार्टमध्ये एकदा जाऊन 'ल्यूथरन उपासना अशी असते' असं ठरवू नका. हॅनोव्हर किंवा लाइपझिगला गेलात की तिथली ल्यूथरन मंडळी वाक्यागणिक गाताना दिसतील.

याखेरीज एक छोटं स्वतंत्र ल्यूथरन चर्चही आहे, जे प्रादेशिक चर्चच्या बाहेर राहिलं. तिथला क्रम जास्त जुन्या वळणाचा आणि प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकरी-द्राक्षारस घेण्याच्या विधीचे, नियम जास्त कडक असतात. पहिल्या भेटीसाठी मी तरी प्रादेशिक चर्च सुचवेन.

दुसरी पायरी: रविवार निवडा

नाताळच्या संध्याकाळी, २४ डिसेंबरला, पहिल्यांदा जाऊ नका. हे माझं ठाम मत आहे, आणि नेमका सगळ्यांचा मोह तोच असतो. त्या दिवशी चर्च तुडुंब भरतं, मुलांचं गव्हाणीचं नाटक असतं, नेहमीचा क्रम कापून छोटा केलेला असतो आणि शेजारच्या बाकावरचे निम्मे लोकही वर्षातून एकदाच आलेले असतात, त्यामुळे पाहून शिकायलाही कोणी नाही. नाताळला जरूर जा, पण आधी एखादा साधा रविवार पाहून घ्या. जून ते ऑक्टोबर हा काळ उत्तम.

साधा रविवार कसा ओळखायचा? वेदीवरचं आणि व्यासपीठावरचं कापड पाहा. हिरवं असेल तर तो वर्षातला सामान्य काळ. जांभळं म्हणजे आगमनकाळ (नाताळआधीचे चार रविवार) किंवा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ. पांढरं म्हणजे नाताळ, ईस्टर असे ख्रिस्ताचे सण. लाल म्हणजे पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) किंवा ३१ ऑक्टोबरचा धर्मसुधारणा दिन: १५१७ मध्ये याच तारखेला ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले. गुड फ्रायडेला काळं कापड असतं किंवा वेदी पूर्ण उघडी ठेवतात.

थोडी सवय झाली की नोव्हेंबरमधला, आगमनकाळ सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार चुकवू नका. त्या दिवशी मंडळीतल्या वर्षभरात वारलेल्या प्रत्येकाचं नाव वाचतात आणि बऱ्याच ठिकाणी एकेक मेणबत्ती लावतात. इथले लोक भावना फारशा दाखवत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर नक्की जावं.

तिसरी पायरी: निघण्याआधी

वेळ बहुधा ९:३० किंवा १०ची, पण मंडळीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. एकच पाळक दोन-तीन गावं सांभाळत असतील तर वेळा दर आठवड्याला बदलतात. तिथेच त्या दिवशी प्रभुभोजन आहे का, हेही लिहिलेलं असतं. सगळा कार्यक्रम तासाभराचा, प्रभुभोजन असेल तर थोडा जास्त. कपडे नीटनेटके असले की झालं. सूट लागत नाही, सलवार-कुर्ता चालतो, बायकांनी डोकं झाकायची गरज नाही आणि पुरुषांनी टोपी काढायची. बूट काढायचे नाहीत. हे सांगावं लागतं, कारण आपला हात उंबरठ्यापाशी आपोआप चपलेकडे जातो. हिवाळ्यात कोट अंगावरच ठेवा, जुनी दगडी चर्च गार असतात. खिशात दोन-पाच युरो सुटे असू द्या.

चौथी पायरी: दारापासून बाकापर्यंत

दारात कोणीतरी उभं असतं आणि गीतांचं जाडजूड पुस्तक हातात देतं, किंवा मांडणीतून आपण घ्यायचं. हे पुस्तक १९९० च्या दशकात सगळ्या प्रदेशांत लागू झालं. त्यात सर्वांना सामाईक अशी ५३५ गीतं आणि पुढे त्या त्या प्रदेशाची वेगळी गीतं आहेत. मागच्या पानांत उपासनाक्रम छापलेला असतो. तो सुरुवातीलाच शोधून बोट घालून ठेवा. भिंतीवरच्या लाकडी फळीवर मोठे आकडे दिसतील. ते त्या दिवसाच्या गीतांचे क्रमांक, आणि त्यांच्या खाली किंवा बाजूला बारीक आकडे असतील तर ती कडवी. १२ कडव्यांच्या गीतातली पहिली तीन आणि शेवटचं, असा प्रकार नेहमीचा.

बसायचं मधल्या रांगांत. अगदी मागे बसलात तर लोक कधी उठतात ते दिसतं खरं, पण जर्मन लोकही मागेच बसतात, त्यामुळे तिथे जागा नसते. अगदी पुढे बसलात तर कोणाचं पाहून उठणार?

पाचवी पायरी: क्रम समजून घ्या

घंटा वाजतात, मग ऑर्गन सुरू होतो. हे वाजणं 'कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचं संगीत' नव्हे. उपासना सुरू झालेली आहे, बोलणं थांबवा.

पाळक काळ्या झग्यात आणि गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या लावून येतात. पाळक बाई असण्याची शक्यताही बरीच. हा काळा झगा ल्यूथरच्या काळापासून चालत आलेला पवित्र पोशाख असावा असं वाटतं, पण तो प्रशियाच्या राजाने १८११ मध्ये हुकूम काढून ठरवून दिलेला आहे. हॅम्बर्ग आणि ल्यूबेकमध्ये पट्ट्यांऐवजी गळ्याभोवती मोठी चुण्यांची गोल कॉलर दिसते, जुन्या डच चित्रांतल्यासारखी.

पुढे चार भाग येतात: हाक मारणं, वचन ऐकणं, प्रभुभोजन आणि पाठवणी. पहिल्या भागात गीत, स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, काही ठिकाणी पापकबुली, आणि मग 'किरिए एलेइसॉन', म्हणजे 'हे प्रभू, दया कर'. त्यानंतर देवदूतांचं 'परमउंचामध्ये देवाला गौरव' हे गीत. उपवासकाळात आणि आगमनकाळात ते गाळतात. पाळक गाऊन म्हणतात, 'प्रभू तुम्हांबरोबर असो', आणि मंडळी गाऊन उत्तर देते, 'आणि तुझ्या आत्म्याबरोबर'. सुरावट सोपी असते. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी ती आपसूक तोंडात बसते.

कॅथलिक मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) पाहिलेल्या गोव्याच्या किंवा वसईच्या माणसाला इथे नक्की वाटेल की हे तर आपलंच आहे. ते बरोबर आहे. ल्यूथरने मिस्सा फेकून दिली नाही, ती साफ केली. १५२१-२२ मध्ये तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना त्याच्या सहकाऱ्यांनी विटेनबर्गमध्ये सगळं एका झटक्यात बदलायला घेतलं. मूर्ती हलवल्या, जुने विधी बंद पाडले. मार्च १५२२ मध्ये तो परत आला आणि त्याने ओळीने आठ दिवस प्रवचनं दिली. सार असं की बदल योग्य असले तरी ते दुबळ्या विश्वासाच्या माणसांवर जबरदस्तीने लादायचे नाहीत; आधी वचन सांगा, मग लोक स्वतः बदलतील. १५२३ मध्ये त्याने लॅटिन मिस्सेचा सुधारलेला क्रम लिहिला आणि १५२६ मध्ये जर्मन भाषेतला छापला. काढून टाकलं ते मुख्यतः एकच: पुरोहित देवापुढे ख्रिस्ताचं बलिदान पुन्हा अर्पण करतो, असं सुचवणाऱ्या प्रार्थना. बाकी किरिए, गौरवगीत, मतांगीकार (ख्रिस्ती विश्वास सांगणारं ठरलेलं निवेदन), 'पवित्र, पवित्र, पवित्र', 'देवाच्या कोकरा' हे सगळं राहिलं. जर्मन क्रमाच्या प्रस्तावनेतच त्याने विनवलं आहे की याचा कोणी कायदा करू नये. म्हणूनच हॅनोव्हर गातं आणि श्टुटगार्ट गप्प बसतं, आणि तरी दोन्ही ल्यूथरन राहतात. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे ल्यूथरन विश्वासाच्या मूळ जाहीरनाम्यात, हे स्पष्टच लिहिलंय: शुभवर्तमान (येशूविषयीची सुवार्ता) शुद्ध सांगितलं जावं आणि संस्कार योग्य रीतीने दिले जावेत, एवढं ऐक्याला पुरतं, माणसांनी ठरवलेले विधी सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही.

लोकांच्या भाषेत उपासना, हा आग्रह पुढे भारतातही आला. १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे दोन ल्यूथरन मिशनरी तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले आणि त्सीगेनबाल्गने तमिळ शिकून बायबलमधल्या नव्या कराराचा अनुवाद छापला. याच परंपरेतला ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्त्झ पुढे तंजावरला स्थिरावला, आणि तिथल्या मराठी राजघराण्यातले सरफोजी दुसरे त्याच्या देखरेखीखाली वाढले, शिकले. १७९८ मध्ये श्वार्त्झ वारला. सरफोजीराजांनी त्याचं संगमरवरी स्मारकशिल्प इंग्लंडहून करवून घेतलं आणि तिथल्या चर्चमध्ये बसवलं. त्यात मरणशय्येवरच्या श्वार्त्झजवळ उभे असलेले राजे दिसतात. तंजावरला सरस्वती महाल पाहायला जाणाऱ्या मराठी लोकांपैकी फार थोडे तिथवर जातात.

पुन्हा बाकावर येऊ. दुसऱ्या भागात वाचनं होतात. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला उतारा, वाचताना सगळे उठतात. मग मतांगीकार, बहुधा प्रेषितांचा. तुमचा विश्वास नसेल तर उभं राहून गप्प राहणं पूर्ण शिष्टसंमत आहे. त्यानंतर प्रवचन, १५ ते २० मिनिटांचं. पाळक मनाला येईल तो उतारा घेत नाहीत. सहा वर्षांचं चक्र ठरलेलं आहे, सध्याचं २०१८ च्या आगमनकाळापासून लागू झालं. भाषा कच्ची असेल तर त्या रविवारचा उतारा आधी शोधा आणि घरीच मराठी पवित्र शास्त्रातून वाचून जा. निम्मं प्रवचन कळेल. जर्मन शिकण्याचा याहून स्वस्त तास मला माहीत नाही.

गाण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ल्यूथरआधी मिस्सेत मुख्यतः पुरोहित आणि गायकवृंद गात. जमलेल्या लोकांच्या तोंडी फार थोडं असे. १५२४ मध्ये न्युरेंबर्गला आठ गीतांची एक छोटी पुस्तिका निघाली, त्यांतली चार ल्यूथरची. तिथून जे सुरू झालं त्याने मंडळीलाच गायकवृंद बनवलं. त्याच वेळी झुरिचमध्ये झ्विंग्लीने उपासनेतून संगीत काढून टाकलं. ल्यूथर स्वतः ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचा, आणि संगीताला तो धर्मज्ञानाच्या खालोखालचं स्थान द्यायचा. लाइपझिगच्या थोमासकिर्श या चर्चमध्ये संगीतकार बाख १७२३ पासून १७५० पर्यंत संगीतप्रमुख होता आणि त्याने आठवड्यामागून आठवडे जे कांताटा (गायन-वादनाच्या रचना) रचले ते मैफलीसाठी नव्हते. शुभवर्तमान आणि प्रवचन यांच्या सोबतीला बसणारा तो उपासनेचाच भाग होता. म्हणून गीत चालू असताना पुस्तक उघडून निदान ओळींवरून डोळा फिरवा. सूर लागला नाही तरी चालतं. ऑर्गन इतका मोठा असतो की तुमचं कोणालाच ऐकू जात नाही. टाळ्या मात्र वाजवू नका.

सहावी पायरी: प्रभुभोजन

नवख्यांचा खरा पेच इथे. बऱ्याच मंडळ्यांत प्रभुभोजन दर रविवारी नसतं. महिन्यातून एकदा असणं सर्रास आहे. असेल तेव्हा पाळक मेजावरच्या भाकरी-द्राक्षारसावर ख्रिस्ताचे शब्द म्हणतात, 'हे माझे शरीर आहे'. या चार शब्दांवरून ल्यूथर आणि झ्विंग्ली यांची १५२९ मध्ये मारबुर्गला समोरासमोर गाठ पडली आणि तुटली. झ्विंग्लीचं म्हणणं, हे प्रतीक आहे. ल्यूथरने तेच शब्द लॅटिनमध्ये मेजावर खडूने लिहिले आणि तो तिथून हलला नाही. ल्यूथरन लोक मानतात की ख्रिस्त भाकरीत आणि द्राक्षारसात खरोखर हजर असतो. भाकरी भाकरीच राहते, पण तिच्यासोबत तोही दिला जातो. कसं, याचं तत्त्वज्ञान ते सांगत बसत नाहीत. 'तुमच्यासाठी दिलेलं' या शब्दांवर त्यांचा सगळा भर असतो.

प्रत्यक्षात लोक वेदीभोवती अर्धवर्तुळात उभे राहतात. पातळ चकतीसारखी भाकरी हातावर मिळते, मग प्याला फिरतो. कुठे द्राक्षारस, कुठे साधा द्राक्षांचा रस, कुठे छोटे वेगळे प्याले. अनेक जण चकती प्याल्यात बुडवून घेतात, तेही चालतं. शेवटी काही ठिकाणी सगळे हात धरतात आणि 'शांतीने जा' ऐकून जागेवर परततात.

तुमचा बाप्तिस्मा झालेला असेल, कोणत्याही चर्चमध्ये, तर प्रादेशिक चर्चमध्ये तुम्हाला आमंत्रण आहे. कॅथलिक वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यांचं स्वतःचं चर्च याला परवानगी देत नाही. बाप्तिस्मा झाला नसेल तर बसून राहा. दर वेळी काही लोक बसलेलेच असतात. किंवा पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरा, पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील. कृपया प्रसाद म्हणून हात पुढे करू नका. कोणी हाकलणार नाही, पण ज्याला ते इतकं खरं मानतात ते आपण भिडेखातर घेणं बरं नव्हे. स्वतंत्र ल्यूथरन चर्चमध्ये मात्र बाप्तिस्मा झालेल्यांनीही आधी पाळकांशी बोलूनच पुढे जावं.

प्रभूच्या प्रार्थनेच्या वेळी पुष्कळ चर्चमध्ये वर घंटा वाजते, म्हणजे घरी आजारी असलेल्यांनाही कळावं. ही प्रार्थना सगळे तोंडपाठ म्हणतात. मराठी ख्रिस्ती मंडळींनी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' खुशाल मराठीत म्हणावी. वेग साधारण जुळतो.

सातवी पायरी: संपताना आणि नंतर

शेवटी आशीर्वाद, सगळे उभे: 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो'. गणना या पुस्तकातला हा जुना अहरोनी आशीर्वाद उपासनेच्या शेवटी आणला तो ल्यूथरनेच. मग ऑर्गन वाजतो. बरेच जण बसून तो संपेपर्यंत ऐकतात. लगेच उठून कोट चढवू नका. दानाची पिशवी एखाद्या गीतादरम्यान फिरते आणि दाराशी आणखी एक पेटी असते, तिचा उद्देश सूचनांच्या वेळी सांगितलेला असतो. काही न टाकताही जाता येतं.

दारात पाळक हात मिळवतात. 'मी पहिल्यांदा आलो' किंवा 'आले' एवढं सांगा. पुढचं तेच विचारतील, आणि कॉफी असेल तर तिकडे नेतील. कॉफीला थांबाच. चर्चमधला जर्मन माणूस उपासनेच्या तासात तुमच्याकडे पाहणारही नाही आणि कॉफीच्या टेबलावर पाऊण तास सोडणार नाही.

राहता राहिला चर्चचा कर. नुसतं उपासनेला जाण्याशी त्याचा काही संबंध नाही. तो लागतो नोंद झालेल्या सभासदांना: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, इतरत्र ९ टक्के. लक्षात घ्या, पगाराच्या नव्हे, आयकराच्या. नव्या शहरात पत्ता नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे 'एव्हांगेलिश' लिहिलंत की पगारातून हा कर कापायला सुरुवात होते. महाराष्ट्रातून आलेल्या प्रॉटेस्टंट मंडळींनी सवयीने तो रकाना भरण्याआधी आपल्याला इथलं सभासदत्व हवंय का, ते ठरवावं. हवं असेल तर आनंदाने भरा. पाळकांचा पगार, ऑर्गनची दुरुस्ती, बालवाड्या यांत ते पैसे जातात. शंका असेल तर आधी जवळच्या मंडळीच्या कार्यालयात विचारून घ्या, ते आठवड्यातून निदान काही तास उघडं असतं.